नाव कायरा, आडनाव जाधव, मग हसायचं काय त्यात?

हल्ली बारशाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली की लोकांची पहिली प्रतिक्रिया अभिनंदनाची नसते, नावावरची असते. 'कियांश? हे काय असतं?' 'कायरा म्हणे, आणि आडनाव जाधव, जुळतंय का काही?' 'दारात दोन म्हशी आणि पोरीचं नाव शनाया.' माझं माहेर सांगली, सासर सातारा, दोन्हीकडं शिकलेल्या घरांमधनं हे इतकं सर्रास बोललं जातं की बोलणाऱ्याला आपण काही वाईट बोलतोय असं वाटतही नाही, उलट आपण मराठीची काळजी करतोय असंच वाटत असतं. माझं म्हणणं सरळ आहे. हे हसणं नावाला नसतंच. ते नाव ठेवणाऱ्या घराला असतं, त्या घराच्या आडनावाला, गावाला, बापाच्या धंद्याला असतं, आणि आता आडनावाला उघड उघड हसायची सोय राहिली नाही म्हणून नाव पुढं केलं जातं.

खात्री करायची असेल तर नाव तेच ठेवा आणि आडनाव बदलून बघा. अद्विक कुलकर्णी म्हणा आणि मग अद्विक कांबळे म्हणा. पहिल्याला 'युनिक आहे हं, छान आहे' आणि दुसऱ्याला 'कुठनं शोधून काढतात कुणास ठाऊक'. हे उलट्या बाजूनंही चालतं. गेल्या काही वर्षांत पुण्यामुंबईतल्या, आणि आता सांगलीत विश्रामबागकडच्या चांगल्या शिकलेल्या घरांत रमा, गोदा अशी जुनी नावं परत यायला लागलीत, त्याला अभिरुची म्हणतात, मुळं जपणं म्हणतात. आणि माण-खटावकडं ज्या घरात खरोखरची गोदाबाई आजी बसलेली आहे त्या घरातल्या सुनेनं पोरीचं नाव ग्रीष्मा ठेवलं तर तिनं मुळं सोडली, टीव्ही बघून बिघडली. आता तिनं गोदा ठेवलं असतं तर काय म्हणाले असते? गावठी. म्हणजे जुनं ठेवलं तर गावठी, नवीन ठेवलं तर नक्कल, आणि दोन्ही निकाल देणारी माणसं तीच.

ही नावं येतात कुठनं हे तरी बघा की जरा. पोर जन्मलं की पंचांग बघून नक्षत्राच्या चरणावरनं अक्षर निघतं. अश्विनी असेल तर चू, चे, चो, ला, म्हणजे सोपं, चैताली आहे, लावण्या आहे. पण आर्द्रा निघालं तर कू, घ, ङ, छ, आणि उत्तरा भाद्रपदा निघालं तर दू, थ, झ, ञ. पूर्वी हे राशीचं नाव पत्रिकेतच राहायचं आणि हाक मारायला आज्याचं नाव नाहीतर कुलदैवताचं, खंडू, जोतिराम, म्हाळसा, असं असायचं. आता आईबापाला वाटतं की कागदावर, शाळेत, आधार कार्डावर सगळीकडं एकच नाव असावं आणि ते राशीचंही असावं. मग झ आला की बाई मोबाईल घेऊन रात्री जागते, बाळ अंगावर पीत असतं आणि एका हातानं ती नावं शोधत असते.

खटाव तालुक्यातल्या एका बारशाला मी होते. बाप फौजेत, पोरीची आई बारावी झालेली. अक्षर झ आलेलं. तिनं वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती, बरीचशी खोडलेली, झंकार हे पोरासारखं वाटतंय म्हणून खोडलं, झील सासूला म्हणता येईना म्हणून खोडलं, एका नावापुढं नणंदेनं फोनवर नको म्हटलं म्हणून फुली. शेवटी राहिलं झेलम. मी विचारलं झेलम का गं, तर म्हणाली, "ह्यांची गाडी की वो ती. सुट्टी संपली की पुण्यातनं झेलमनंच जात्यात आन् येत्यात बी झेलमनंच." पुणे ते जम्मू तावी जाणारी झेलम एक्स्प्रेस आमच्याकडच्या फौजी घरांतल्या बायकांना सांगावी लागत नाही, तिचं वेळापत्रक त्यांना पाठ असतं. आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले, घुगऱ्या वाटल्या, सगळं रीतसर झालं. आणि पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या शहरातल्या एक पाहुण्या, चांगल्या नोकरीतल्या, हळू आवाजात मला म्हणाल्या, "रेल्वेचं नाव ठेवलंय पोरीला. ह्या लोकांना काही कळतच नाही." हेच नाव एखाद्या प्राध्यापकांच्या घरात ठेवलं असतं तर ह्याच बाई म्हणाल्या असत्या की नदीचं नाव आहे, किती वेगळं. मला राग आला तो 'ह्या लोकांना' ह्या दोन शब्दांचा. वहीतली ती फुल्या मारलेली यादी त्यांनी बघितलेलीच नव्हती.

बरं, प्रसंगावरनं नाव ठेवणं आमच्या भागात काही आजचं नाही. देवराष्ट्र्यात १९१३ साली एक बाई बाळंतपणात अडली होती, तिच्या आईनं सागरोबाला साकडं घातलं की यश दे, तुझी आठवण म्हणून पोराचं नाव यशवंत ठेवीन. हे यशवंतराव चव्हाणांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ते पोर पुढं राज्याचं पहिलं मुख्यमंत्री झालं म्हणून ती गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. तशीच गत सोनसळच्या पतंगराव कदमांची. पतंग हे नाव आज कुणी ठेवलं तर काय काय ऐकावं लागेल विचार करा, पण पतंगरावांनी १९६४ मध्ये भारती विद्यापीठ काढलं, मंत्री झाले आणि नावाला कुणी हसायचं राहिलं नाही. कर्मवीर भाऊरावांचं पूर्ण नाव भाऊराव पायगोंडा पाटील. वाळवा-मिरज-शिरोळ पट्ट्यातल्या जैन घरांत पायगोंडा, बाबगोंडा, नेमगोंडा ही नावं रोजच्या वापरातली, इकडं कुणी वळूनही बघणार नाही, पण तेच नाव घेऊन पोरगं पुण्याला होस्टेलवर गेलं की पहिल्या दिवशी चार जण दात काढतात. ज्या माणसानं १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढून खेड्यातल्या पोरांना शाळेत आणलं त्याच्या बापाचं नाव आपण व्याख्यानात आदरानं घेतो आणि होस्टेलवर त्याच नावाला हसतो.

नावावरनं माणसाची पायरी ठरवणं आपल्याकडं नुसतं चालत आलेलं नाही, ते लिहून ठेवलेलं आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं नाव जुगुप्सित असावं, म्हणजे ऐकल्यावर किळस यावी असं. हे वाचून ठेवलं की मग केरू, उकिर्डा, दगडू, धोंडू, भिकू ही नावं वेगळी दिसायला लागतात. आता सगळीच काही वरनं लादलेली नव्हती हेही खरं. आधीची पोरं जगली नाहीत, दृष्ट लागू नये, देवानं पुन्हा उचलून नेऊ नये म्हणून मुद्दाम वंगाळ नाव ठेवायचे, पोर उकिरड्यावर ठेवून परत घ्यायचे, त्यामागं आईचा जीव होता. आणि ही पद्धत ब्राह्मण घरांतही होती. पण फरक बघा. धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८, १९५८ ला भारतरत्न, त्यांना आपण महर्षी म्हणतो आणि धोंडो ह्या नावात कुणाला काही खटकत नाही. तोच धोंडू नाटकात सिनेमात आला की हटकून घरगडी असतो नाहीतर विनोदी पात्र असतं.

साताऱ्यातलंच सांगते. राजवाड्याजवळच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० ला एका मुलाचं नाव दाखल झालं, रजिस्टरात नोंद आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तो मुलगा शाळेत स्वतःचं गोणपाट घेऊन जायचा आणि इतरांपासून वेगळा बसायचा. गोणपाट कुणाला आणायला लावायचं हे ठरवायला शाळेला नाव, आडनाव आणि बापाची जात एवढं पुरत होतं. भिवाचे भीमराव झाले, बाबासाहेब झाले, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर लाखो घरांनी ठरवून नावं बदलली. जुनं जुगुप्सित नाव टाकून सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, प्रज्ञा, संघमित्रा, तक्षशिला. माझ्या मते आपल्या राज्यात नावाच्या बाबतीत झालेली ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात देखणी गोष्ट. इतकी अर्थपूर्ण, इतकी सुंदर नावं. आणि त्याचं आपण काय केलं? त्या नावांवरनंही जात ओळखायला शिकलो. संघमित्रा म्हटलं की अजून समोरचा हळूच विचारतो, "मूळचे कुठले तुम्ही?" म्हणजे चांगला अर्थ, शुद्ध भाषा, उज्ज्वल परंपरा, जे जे कायराकडं नाही म्हणून आज आपण नाक मुरडतो ते सगळं संघमित्राकडं होतं, तरी तिची सुटका झाली नाही. ह्यापेक्षा वेगळा पुरावा मला तरी नको आहे की भानगड नावात नाही.

काही जण म्हणतील की मग आईबापानं काहीही ठेवावं का. नाही, अजिबात नाही. साताऱ्याला हे सांगायची गरजच नाही कारण नकुशी हे नाव आपल्याच जिल्ह्यात कितीतरी घरांत होतं. तिसरी चौथी मुलगी झाली की नकुशी, नकोशी, नकुसा. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्ह्यानं अशा मुली शोधून काढल्या आणि २८५ जणींना समारंभ करून नवीन नावं दिली, त्यातल्या कितीतरी मुलींनी आपलं नाव स्वतः निवडलं, कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. ऐश्वर्या हे हिरॉईनचं नाव म्हणून तेव्हाही नाक मुरडणारे होतेच. पण जिला आयुष्यभर 'नको' अशी हाक ऐकावी लागली तिनं स्वतःला टीव्हीवरच्या सगळ्यात देखण्या बाईचं नाव घेतलं तर त्यात उथळ काय आहे? तिला कुठल्या ग्रंथातनं नाव शोधून द्यायचं होतं आपल्याला?

आणि नकुशीच्या बाबतीतही निकाल गरिबाच्याच माथी मारला गेला. मागासलेली माणसं, अडाणी माणसं, पोरीला असलं नाव ठेवतात. बरोबर आहे, नाव वाईटच होतं, त्याचं समर्थन कुणी करू नये. पण त्याच २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं नऊशेही मुली नव्हत्या, आणि त्या काही सगळ्या नकुशीच्या घरातनं कमी झालेल्या नव्हत्या. पैसेवाल्या बागायती घरात नकुशी सापडली नाही कारण तिथं सोनोग्राफीला पैसे होते, गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा १९९४ चा असूनही वाट काढणारे डॉक्टर होते. २०१७ ला म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले तेव्हा सगळा सांगली जिल्हा हादरला. गरिबानं मुलीला जन्म दिला आणि आपला राग तिच्या नावात उघडा ठेवला, श्रीमंतानं कागदावर काहीच ठेवलं नाही. त्यामुळं नावावरनं कोण मागास हे ठरवायला गेलं की माणूस हमखास चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो.

मला विचाराल तर रेघ एवढीच आहे, नाव पोराला कमी लेखतंय का. नकुशी कमी लेखतं. कायरा लेखत नाही, झेलम लेखत नाही, कियांश लेखत नाही, ते फक्त शेजाऱ्याला आवडत नाही. न्यूझीलंडमध्ये २००८ साली एका नऊ वर्षाच्या मुलीचं नाव बदलता यावं म्हणून कोर्टानं तिला काही काळ स्वतःच्या ताब्यात घेतलं, आईबापानं तिचं नाव म्हणून 'तलुला हवाईची हुला नाचते' अशा अर्थाचं आख्खं वाक्यच ठेवलं होतं आणि ती ते मैत्रिणींना सांगायलाही लाजत होती. तिथं त्या मुलीला स्वतःला त्रास होता, म्हणून ते पटतं. आपल्याकडं त्रास पोराला व्हायच्या आधी पाहुण्यांना होतो.

'पोराला शाळेत चिडवतील' हा मुद्दा नेहमी पुढं येतो. चिडवतात, खरंय. पण पहिलीतल्या पोराला कुठं माहीत असतं की कियांश हसण्यासारखं आहे आणि अथर्व नाही. ते घरी ऐकतं, गाडीत ऐकतं, हजेरी घेताना बाई ज्या नावाला थबकतात आणि ज्या सुरात परत विचारतात तो सूर ऐकतं. उच्चाराचं म्हणाल तर मृण्मयी, ऋत्विज, हृषीकेश ही काय तोंडात बसायला सोपी नावं आहेत का, पण ती यावीत म्हणून आपण प्रयत्न करतो, नाही आली तर आपल्यालाच लाज वाटते. कियांश नाही आलं तर लाज कियांशच्या आईला वाटली पाहिजे अशी अपेक्षा. अर्थाबद्दल एक मान्य करते, मोबाईलवर नावांच्या ज्या साइट आहेत त्या वाट्टेल त्या नावाला संस्कृत म्हणून दडपून काहीतरी देवाचा अर्थ चिकटवतात आणि लोक विश्वास ठेवतात. ही फसवणूकच आहे. पण राग त्या साइटवाल्यांवर काढा, रात्री जागून यादी करणाऱ्या बाईवर कशाला. आणि बंडू, पिंकी, सोन्या, बाळू ह्यांचे अर्थ कुणी कोशात बघितले होते? मराठी बुडते म्हणून ओरडणाऱ्यांची नातवंडं कुठल्या माध्यमात शिकतात तेही एकदा विचारायला पाहिजे.

हे सगळं मी एवढं मनावर घेते कारण नावावरनं केलेला अंदाज तिथंच थांबत नाही. जर्मनीत केविन, शांताल, मँडी अशी नावं कामगार घरांत जास्त, २००९ मध्ये ओल्डेनबुर्ग विद्यापीठात प्राथमिक शिक्षकांची मतं तपासली तर अशा नावांच्या पोरांकडनं शिक्षक आधीच कमी अपेक्षा धरून बसलेले दिसले. एका शिक्षकानं चक्क लिहिलं होतं की केविन हे नाव नाही, रोगाचं निदान आहे. अमेरिकेत फक्त नावं बदलून नोकरीचे एकसारखे अर्ज पाठवून बघितले, २००४ साली ते छापून आलं, गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा निम्म्यानं जास्त बोलावणी आली. आणि आपल्याकडं सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल ह्यांनी खाजगी कंपन्यांना असेच अर्ज पाठवून बघितले, ते २००७ ला आलं, शिक्षण सारखंच, तरी दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना कमी बोलावणी. म्हणजे ज्या हसण्याला आपण पंगतीतली गंमत समजतो तेच हसणं ऑफिसात टेबलाच्या पलीकडं बसलेलं असतं, फक्त तिथं ते हसत नाही, अर्ज बाजूला ठेवतं.

आमच्याकडं तर त्याच्याही आधी सुरुवात होते, पहिलीच्या दाखल्यापासनं. शाळेत नाव घालताना 'असलं नाव नसतं हो' म्हणून नाव स्वतःच्या मनानं सुधारून लिहिणारी माणसं मी बघितलीत. जन्मदाखल्यावर एक, रजिस्टरात दुसरंच, मग आधारवर तिसरं, आणि दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की बाप रोजगार बुडवून प्रतिज्ञापत्र, गॅझेट, पुन्हा दाखला असं करत तालुक्याला हेलपाटे घालतो. मोठ्या घरच्या पोराचं नाव असं कुणी सुधारत नाही, तिथं लिहिणारा विचारतो, "सर, स्पेलिंग कसं करता?" १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आता आईचंही नाव आलंय, बाळाचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. ही पोरं अजून काही वर्षांत पहिलीच्या टेबलापुढं उभी राहतील, त्यात कियांश असतील, कायरा असतील, कुणी झेलम असेल, आणि बऱ्याच जणांच्या नावात मधे सुरेखा, अलका, शालन असं साधं सरळ आईचं नाव असेल. तेव्हा लिहिणाऱ्यानं पेन उचलायच्या आधी आईकडं बघून, काही शेरा न मारता, नाव कसं म्हणायचं आणि कसं लिहायचं एवढं विचारावं, ती सांगेल तसं लिहावं आणि तिला एकदा वाचून दाखवावं.